अरणगावचं अर्धं वाक्य

‘डोन्ट वरी, बी हॅप्पी’ हे चार शब्द आज जगात कुठेही विकत मिळतात. मगवर, टी-शर्टवर, मोबाईलच्या कव्हरवर, रिक्षाच्या मागच्या काचेवर. ते जमैकातून आलेत असं बऱ्याच जणांना वाटतं, कारण हे गाणं वर्षानुवर्षं बॉब मार्लीच्या नावावर फॉरवर्ड होतंय. मार्ली १९८१ साली गेला. गाणं १९८८ चं आहे आणि बॉबी मॅकफेरिनचं आहे. मॅकफेरिनला हे शब्द सापडले सॅन फ्रान्सिस्कोमध्ये, टक अँड पॅटी या जॅझ गाणाऱ्या जोडीच्या घरातल्या एका पोस्टरवर. पोस्टर होतं मेहेरबाबांचं. आणि मेहेरबाबांची समाधी आहे नगर शहरापासून नऊ-दहा किलोमीटरवर, दौंड रस्त्याला, अरणगावला.

हे वाचून नगरकरांनी लगेच छाती फुगवायची गरज नाही. ‘आमच्या गावचं वाक्य जगभर गेलं’ असं स्टेटस ठेवायला माझी हरकत नाही, पण जगभर गेलं ते अर्धंच वाक्य. उरलेलं अर्धं अरणगावच्या माळावरच राहिलं, आणि ते कुणाला हवं असल्याचं दिसत नाही. माझं भांडण त्या कापलेल्या भागासाठी आहे.

मेहेरबाबा आपल्या माणसांना जे कळवत, त्याचा आशय साधारण असा: तुझ्याकडून होईल तेवढं सगळं आधी कर. मग काळजी सोड आणि माझ्या प्रेमात आनंदी राहा, मी मदत करीन. यात तीन गोष्टी आहेत. पहिली, कष्ट. दुसरी, कष्टानंतरचा आनंद. तिसरी, कुणीतरी सोबत असल्याचं आश्वासन. मग बनवणाऱ्यांनी पहिली आणि तिसरी काढून टाकली. म्हणजे तुझ्या कष्टांशी आम्हाला देणंघेणं नाही आणि तुझ्यासोबतही कुणी नाही, तरीपण हस. कोडमधल्या सगळ्या अटी उडवून फक्त शेवटी ‘ट्रू’ परत पाठवायचं, असा हा प्रकार आहे. प्रोग्राम चालतो, टेस्टही पास होते, फक्त त्याला काही अर्थ उरत नाही.

मॅकफेरिनवर मात्र राग काढू नका. त्याचं गाणं नीट ऐकलंत तर त्यात घरभाडं थकलंय, घरमालक कोर्टात खेचायची धमकी देतोय, खिशात पैसे नाहीत, प्रेमाचं माणूस नाही. सगळी कडवी अडचणींचीच आहेत. वाद्य एकही नाही. एकच माणूस शिट्टी, छाती आणि गळा वापरून अख्खा बँड उभा करतो. सप्टेंबर १९८८ मध्ये ते अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिलं आलं, आणि निव्वळ गळ्यावर उभं असलेलं गाणं तिथे पहिल्यांदाच पोचलं होतं. त्याच वर्षी जॉर्ज बुश थोरले अध्यक्षपदाच्या प्रचारात ते वाजवू लागले. मॅकफेरिनने विरोध केला. पण सत्तेला आणि कंपन्यांना हे अर्धं वाक्य का आवडतं ते तेव्हाच दिसलं होतं. भाडं थकलंय हा भाग गाळला की उरतो तो हुकूम: आनंदी राहा.

हा हुकूम माझ्या पिढीला रोज मिळतो. पुण्यातल्या एका कंपनीत मी होतो, तिथे लोकांना कमी करायच्या आठवड्यात सगळ्यांना ‘पॉझिटिव्ह राहा’ अशा मथळ्याची मेल आली होती, सोबत सूर्यफुलाचं चित्र. घरच्या ग्रुपवर तेच, रील्सवर तेच, जिममधल्या आरशावरही तेच.

आता हे वाक्य मुळात सांगणारा माणूस बघा. मेरवान शेरियार इराणी, जन्म पुण्यात, १८९४ चा. १० जुलै १९२५ ला अरणगावजवळच्या मेहेराबादला त्यांनी मौन धरलं ते ३१ जानेवारी १९६९ ला देह ठेवेपर्यंत सोडलं नाही. आधी अक्षरांच्या पाटीवर बोट ठेवून, १९५४ नंतर नुसत्या हातवाऱ्यांनी ते बोलत. १९५२ साली अमेरिकेत आणि १९५६ साली साताऱ्याजवळ असे मोटारीचे दोन भीषण अपघात त्यांनी सोसले. दुसऱ्यात त्यांच्या जवळच्या मंडळींपैकी एक जण गेला आणि त्यांचं स्वतःचं कंबरेचं हाड असं दुखावलं, की पुढे चालणं कायम वेदनेचं झालं. ते अवतार होते का, यावर मी बोलणार नाही. मी भक्त नाही, आणि तो प्रश्न इथे आडवा येतही नाही. मुद्दा इतकाच, की आनंदी राहा म्हणणाऱ्या माणसाला दुःख म्हणजे काय हे ठाऊक होतं. दुखऱ्या कंबरेने सांगितलेलं ‘काळजी करू नकोस’ आणि एचआरच्या मेलमधलं ‘काळजी करू नकोस’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत, शब्द तेच असले तरी.

ते पूर्ण वाक्य पॉप संगीतात एकदा नीट गायलं गेलंय, आणि मॅकफेरिनच्या सोळा वर्षं आधी. पीट टाउनशेंडचा ‘हू केम फर्स्ट’ हा अल्बम, ऑक्टोबर १९७२. टाउनशेंड म्हणजे ‘द हू’ या ब्रिटिश बँडचा गिटारवाला, तिची बहुतेक गाणी लिहिणारा, आणि स्टेजवर गिटार आपटून फोडण्यासाठी प्रसिद्ध. या बँडची नोंद १९७६ साली जगातली सर्वांत कर्कश मैफल करणारे म्हणून गिनेस बुकात झाली. आणि हा माणूस १९६७ च्या सुमारास भक्त कुणाचा झाला, तर चार दशकं एक शब्दही न बोललेल्या माणसाचा. दोघांची भेट कधीच झाली नाही. फेब्रुवारी १९७२ मध्ये तो नगरला आला तेव्हा बाबांना जाऊन तीन वर्षं झाली होती. भेटली ती समाधी. त्याच वर्षी हा अल्बम निघाला. बाबा अवतार आहेत हे आपण मान्य केलं नाही तरी या अल्बममधली भेट न झाल्याची हुरहुर ऐकू येते, आणि तो त्या हुरहुरीत बुडून जात नाही हेही ऐकू येतं.

टाउनशेंड तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता, म्हणजे हे वाचणाऱ्या तुमच्यातल्या अनेकांच्या वयाचा. नुकताच त्याचा सर्वांत मोठा प्रकल्प कोसळला होता. ‘लाइफहाउस’ नावाची ही कल्पना आज वाचली तर अंगावर काटा येतो: घराघरातली माणसं एका जाळ्याला जोडलेली, अनुभवही त्या जाळ्यातूनच येणारे, आणि प्रत्येक श्रोत्याची माहिती यंत्रात घालून त्या माणसाचं संगीत निघणार. हे १९७१ साली. बँडमधल्या लोकांना ते समजलं नाही, सिनेमा झाला नाही, टाउनशेंड मनाने पार खचला. त्या ढिगाऱ्यातून ‘हूज नेक्स्ट’ हा गाजलेला अल्बम निघाला. त्यातल्या पहिल्या गाण्याचं नाव ‘बाबा ओ’रायली’. त्यातले बाबा म्हणजे मेहेरबाबा, आणि ओ’रायली म्हणजे अमेरिकन संगीतकार टेरी रायली. बाबांच्या आयुष्याची माहिती सिंथेसायझरला पुरवून सूर काढायचे अशी मूळ कल्पना होती. प्रत्यक्षात जो फिरत राहणारा सूर आपण ऐकतो तो लौरी कंपनीच्या घरगुती ऑर्गनचं एक बटण दाबून काढलेला आहे. इंजिनिअर लोकांना हे ऐकून बरं वाटेल. डेमो असाच होतो.

पण तो अल्बम बँडचा होता, आवाज रॉजर डॉल्ट्रीचा होता. ‘हू केम फर्स्ट’ त्याच्या अगदी उलट. ट्विकनहॅमच्या घरातल्या स्टुडिओत टाउनशेंडने बहुतेक वाद्यं स्वतःच वाजवून केलेला. आवाज बारीक, वरच्या पट्टीत जरा थरथरणारा. लाइफहाउसमधलं ‘प्युअर अँड इझी’ इथे पहिलं आहे: विश्वाच्या मुळाशी असलेल्या एका सुराचं, आणि तो विसरल्यावर काय होतं याचं गाणं. ही कल्पना सूफी गायक-विचारवंत इनायत खान यांच्या लिखाणातून त्याला मिळाली होती, जे बडोद्याचे. दुसरं ‘इव्होल्यूशन’ रॉनी लेनने गायलंय. तोही बाबांना मानणारा. दगडापासून माणसापर्यंत आत्म्याचा प्रवास, आणि चाल अशी की गावातल्या पारावर कुणी गमतीने चौऱ्याऐंशी लक्ष योनींची गोष्ट सांगतंय. आपल्याकडे हा विषय आला की आवाज जड होतो. लेन हसत हसत गातो.

खरी जादू शेवटच्या चार गाण्यांच्या क्रमात आहे. आधी ‘देअर्स अ हार्टएक फॉलोइंग मी’. हे जिम रीव्ह्जचं गाणं, बाबांचं आवडतं. रीव्ह्ज १९६४ साली विमान अपघातात गेला. त्याचा मखमली आवाज भारतातल्या कितीतरी घरांत, विशेषतः ख्रिस्ती घरांत, अजून वाजतो. चाळीसेक वर्षं मौनात असलेला, माणसांची गर्दी जमवणारा गुरू ऐकतो काय, तर पाठ न सोडणाऱ्या दुःखाचं कंट्री गाणं. ही एकच गोष्ट त्या मगचा दावा खोटा पाडायला पुरेशी आहे. त्यानंतर ‘शेरेटन गिब्सन’: अमेरिकेतल्या एका हॉटेलच्या खोलीत बसून घरची आठवण काढणं. मग ‘कंटेंट’, मॉड केनेडी यांच्या कवितेवरचं. कंटेंट म्हणजे इथे समाधान, यूट्यूबवाला कंटेंट नाही. आणि शेवटी ‘परवरदिगार’.

‘परवरदिगार’ हा फारसी शब्द, अर्थ पालनकर्ता. बाबांनी १९५३ साली, अर्थातच न बोलता, ही प्रार्थना दिली. मेहेराबादला समाधीवर ती सकाळ-संध्याकाळ म्हटली जाते. टाउनशेंडने तिला चाल लावली. प्रार्थनेत मागणं काहीच नाही. नोकरी द्या, मूल द्या, रोग बरा करा, यातलं काही नाही. ती फक्त त्या पालनकर्त्याची वर्णनं एकामागे एक सांगत जाते. गाणं हळू सुरू होतं, ओळीओळीने चढत जातं. तोच थरथरणारा आवाज, तो मोठा होत नाही, त्याच्या भोवतीचं सगळं मोठं होत जातं. ऐकणाऱ्याला वर उचललं जातं, पण मागचं काही पुसलं जात नाही. तीन गाण्यांपूर्वीचं दुःख तिथेच असतं, फक्त आता ते एकटं नसतं. अरणगावच्या वाक्याचा कापलेला तिसरा तुकडा तो हाच.

आता माझ्या धंद्याबद्दल, कारण कापाकापीत आम्हीही सामील आहोत. स्पॉटिफायने प्रत्येक गाण्यासाठी ‘व्हेलन्स’ नावाचा आकडा ठरवला. शून्य ते एक. शून्याकडे गाणं उदास, एककडे आनंदी. अशाच आकड्यांवर आणि लेबलांवर मूडप्रमाणे गाणी वाटली जातात: सॅड, चिल, पार्टी. डेटा ठेवायला सोपं आहे हे, मला मान्य. पण गोम बघा. सुखदुःख एकाच पट्टीच्या दोन टोकांना ठेवलंत की जे गाणं एकाच वेळी खूप उदास आणि खूप उभारी देणारं आहे ते जाऊन बसतं मधोमध, ०.५ वर. आणि जे गाणं धड उदास नाही, धड आनंदी नाही, लिफ्टमध्ये वाजतं, तेही बसतं ०.५ वर. म्हणजे ‘परवरदिगार’ आणि लिफ्टचं संगीत शेजारी शेजारी. ही छोटी चूक नाही, मॉडेलच चुकलंय. एका पट्टीच्या जागी दोन पट्ट्या हव्यात: दुःख किती, आणि आनंद किती. माणसाला दोन्ही एकदम वाटू शकतं हे मानसशास्त्रज्ञांनीही तपासलंय. लार्सन, मॅकग्रॉ आणि कॅसिओपो यांच्या २००१ च्या शोधनिबंधात ‘लाइफ इज ब्युटिफुल’ सिनेमा बघून बाहेर पडलेल्यांना, हॉस्टेल सोडणाऱ्यांना, पदवी घेणाऱ्यांना विचारलं, तेव्हा दोन्ही भावना एकदम असल्याचं सांगणारे एरवीपेक्षा जास्त निघाले. हॉस्टेलची खोली शेवटची झाडताना जे वाटतं, त्याला प्लेलिस्ट नाही.

याचा परिणाम गाणी बनवणाऱ्यांवर होतो. सॅड म्हणून लेबल लागायचं तर गाणं पूर्ण सॅड हवं: पाऊस, ब्रेकअप, स्लो मोशन. नाचायचं तर पहिल्या पाच सेकंदांत ढोल. मधलं काही कुठल्या खणात बसत नाही, म्हणून ते कुणी करत नाही. मराठीत आजही चांगली चाल लावणारी पोरं आहेत. ती खणाच्या मापाने गाणी कापतायत.

उलट बाजूचेही एक टोळकं आहे, त्यांनाही सोडायला नको. त्यांच्या मते उदास तेवढंच खोल. आनंद बावळट, उभारी म्हणजे बाजारू. साहित्याच्या कट्ट्यावर हे लोक भरपूर भेटतील. कवितेच्या शेवटी प्रकाश दिसला की यांना ॲसिडिटी होते. मगवाले दुःख कापतात, हे आनंद कापतात. कात्री तीच. टाउनशेंडच्या अल्बमला हलकं, साधं, भाबडं म्हणणारेही याच जातीचे. साधा आहे तो. गिटार कमी फुटतात. पण ज्याच्याकडे आदळआपट करायची पूर्ण ताकद आहे त्याने ती बाजूला ठेवणं, याला भाबडेपणा म्हणत नाहीत.

तिसरा आक्षेप सर्वांत दमदार आहे: श्रीमंत गोऱ्या रॉकस्टारने भारतात येऊन शांती शोधायची, परत जाऊन रेकॉर्ड विकायची, आणि नगरच्या शेतकऱ्याने त्याचं कौतुक करायचं? प्रश्न रास्त आहे. त्या काळात असे पुष्कळ आले आणि बरेचसे गांजा व फोटो घेऊन गेले. पण इथे दोन गोष्टी बघा. मेहेरबाबांनी पाश्चिमात्य तरुणांना एलएसडी वगैरे सोडायला स्पष्ट सांगितलं होतं, १९६६ साली त्यावर पुस्तिकाच निघाली; टाउनशेंडने ते मानलं आणि १९७० साली ‘रोलिंग स्टोन’मध्ये बाबांवर लेखही लिहिला. दुसरं म्हणजे तो बरा झाल्याचं नाटक करत नाही. पुढे १९८० च्या आसपास दारू आणि ड्रग्जमध्ये तो वाईट अडकला, हे त्याने स्वतः जाहीर सांगितलंय. मगवाल्यांना हा भक्तीचा पराभव वाटेल. मला उलट वाटतं. अल्बमने कधीच म्हटलं नव्हतं की आता सगळं ठीक झालं. गाणं गोळी नसतं, की घेतली आणि उतरला ताप. शेवटचं गाणं संपतं आणि मागे लागलेलं दुःख बाहेर दारातच उभं असतं. फरक एवढा, की दार उघडायची हिंमत आलेली असते.

आणि नगरने हे परक्याचं म्हणून ढकलावं हे तर अजिबात पटत नाही. ‘अरणगाव? ते फॉरेनर लोकांचं’ हे वाक्य मी नगरमध्ये लहानपणापासून ऐकतोय. फॉरेनर म्हणजे कोण? पुण्यात जन्मलेला, साकोरीच्या उपासनी महाराजांकडे राहिलेला, नगर तालुक्यात देह ठेवलेला माणूस? आपल्या जिल्ह्याला तर दुःख आणि उभारी एकत्र नांदवायची जुनी सवय आहे. मोहरमला कोठल्यातून बडे इमाम आणि छोटे इमाम यांच्या सवाऱ्या निघतात. प्रसंग शोकाचा, पण रस्त्यावर उसळणारी माणसं, त्यात हिंदूही, बघा आणि त्याला सॅड लेबल लावून दाखवा. नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, पत्नीपासून ताटातूट झाली, काही वर्षांनी संसार पुन्हा जुळला, आणि नगरमध्ये बसून त्यांनी येशूवर अभंग आणि गीतं लिहिली, जी मराठी चर्चमध्ये आजही गातात. लक्ष्मीबाईंनी तोच सगळा छळ ‘स्मृतिचित्रे’त असा लिहिला की वाचताना आपण रडतो की हसतो ते कळत नाही. नेवाश्याला ज्ञानेश्वरी सांगितली गेली ती समाजाने वाळीत टाकलेल्या, आईबाप गमावलेल्या मुलाकडून, आणि तिच्या शेवटी त्याने काय मागितलं ते तुम्हाला शाळेपासून पाठ आहे. त्यात स्वतःसाठी तक्रार नाही, आणि जग छान चाललंय असा बनावही नाही.

म्हणून टाउनशेंडचा अल्बम परक्याचा वाटत नाही मला. तो याच मातीतल्या जुन्या गोष्टीला विजेची गिटार लावतो. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं. नावावर भांडणारे दोन्हीकडचे लोक अरणगावच्या नावावर मात्र एकमताने गप्प असतात. शहरात दरवर्षी चार-पाच ऑर्केस्ट्रे जुनी हिंदी गाणी तशीच्या तशी वाजवतात. कुणीतरी एकदा ‘परवरदिगार’ मराठीत, संबळ घेऊन, दिमडी घेऊन, हवं तर ऑर्गनचं तेच बटण दाबून करून बघावं. प्रार्थना इथली, चाल लंडनची, परत आणायला हरकत कुणाची?

तोवर एवढं करा. अल्बम सगळ्या ॲपवर सहज सापडतो. शफल बंद करून शेवटची चार गाणी ओळीने ऐका, साधारण पंधरा-वीस मिनिटं लागतील. ३१ जानेवारीला मेहेराबादला दुपारी बाराला हजारो माणसं एकत्र पंधरा मिनिटं गप्प बसतात. जमलं तर एकदा जाऊन त्या शांततेत उभे राहा, भक्त नसलात तरी कुणी हाकलत नाही. आणि पुढच्या वेळी कुणी तुम्हाला ‘काळजी करू नकोस, आनंदी राहा’ असं पाठवलं, तर त्याला दोनच प्रश्न विचारा. मी काय काय करून दमलोय ते तुला माहीत आहे का? आणि तू मदतीला येणार आहेस का? दोन्हीची उत्तरं हो असतील तरच ते वाक्य त्याच्या तोंडी शोभतं.